अण्णा रिसबुडांची छत्री

बर्फ पडत असताना छत्री उघडायची नाही, असा अण्णा रिसबुडांचा नियम होता. छत्री मात्र बरोबर हवीच. काळी, लाकडी मुठीची, पुण्याहून आणलेली ती छत्री काखेत आडवी धरून ते एर्लांगेनच्या रस्त्यांवरून चालत, आणि त्यांच्या माकडटोपीवर, खांद्यांवर, भुवयांवरसुद्धा बर्फ साचत जाई. एकदा बसची वाट पाहणाऱ्या एका जर्मन गृहस्थांनी न राहवून विचारलं, "आपली छत्री मोडली आहे का?" अण्णा म्हणाले, "छे! बर्फ म्हणजे काय पाऊस आहे? झटकला की गेला. त्याच्यासाठी छत्री कशाला भिजवायची?" गृहस्थ बराच वेळ विचार करत उभे राहिले. त्यांची बस निघून गेली.

सत्तावन्न सालच्या हिवाळ्यात मी डॉक्टरेट करायला एर्लांगेनला पोचलो आणि फ्राऊ ह्युब्नर नावाच्या विधवा बाईंच्या घरात माळ्यावरची खोली घेतली. खालच्या मजल्यावर अण्णा राहत. पुण्याच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवता शिकवता दोन वर्षांच्या संशोधनासाठी म्हणून ते इथे आले होते, आणि ती दोन वर्षं काही संपत नव्हती. चाळिशी उलटलेली, लग्न केलेलं नाही, आवाज पर्वतीवरून हाक मारावी असा. पहिल्याच दिवशी त्यांनी मला नाव विचारलं. मी "वसंत लेले" म्हणालो. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "नाव वसंत," ते म्हणाले, "आणि तोंड जानेवारीचं. काय केलंयस तू? कुणाला बुडवून आलायस का?"

मी काही केलं नव्हतं. पण माझा स्वभावच तसा आहे. कुठे काही बिघडलं की ते माझ्यामुळे, असं मला लहानपणापासून वाटत आलं आहे. वडिलांचं एकुलतं एक मूल असून त्यांना चिपळूणला एकटं टाकून मी परदेशी आलो, ही गोष्ट तर बोटीवर पाऊल ठेवल्यापासून छातीवर बसलेली होती. अण्णांना हे दोन दिवसांत कळलं. "रविवारी जंगलात चल," ते म्हणाले. "दर्शनाला."

दर्शन हा त्यांचाच शब्द. ताजा बर्फ पडला की रविवारी सकाळी शहराबाहेरच्या टेकडीवरच्या जंगलात जायचं आणि प्राणी पाहायचे. त्या गावात आम्ही मराठी माणसं मोजकीच. जो नवा येईल त्याला अण्णा एकदा तरी नेत. प्राण्यांना ते अहोजाहो करत. कोल्हेसाहेब, ससेबुवा, आणि रानडुकरांना वराहराव. लहान चणीची, आपल्या भेकराएवढी हरणं तिथे पुष्कळ, त्या 'माहेरवाशिणी'. प्राणी दिसला की टोपी काढून नमस्कार करायचा, आणि दिसला नाही तर म्हणायचं, "आज दार बंद होतं. देवळातसुद्धा होतं असं."

पहिल्या रविवारी झाडीतल्या एका मोकळ्या जागेपाशी आम्ही दबा धरून बसलो. हरणांना थंडीत खायला मिळावं म्हणून वनखात्यानं तिथे गवतानं भरलेली लाकडी गव्हाण उभी केलेली होती. अण्णांनी ओटच्या पोह्यांचा स्वतः केलेला चिवडा माझ्या हातावर ठेवला. तेवढ्यात समोरच्या झाडांतून तीन हरणं आली. मी नेमका त्याच क्षणी दाणा चावला. त्या शांततेत तो आवाज मला फटाक्यासारखा वाटला. अण्णांनी छत्री खांद्यापर्यंत उचलून "ते बघ!" म्हणेपर्यंत हरणं वळून पळालीसुद्धा. मला दिसली ती तीन पांढरी बुडं, वरखाली होत नाहीशी होणारी.

परत येताना वाटभर मी माफी मागत होतो. सोमवारी पुन्हा मागितली. बुधवारी जिन्यात भेटले तेव्हा विषय काढला, तर अण्णा कडाडले, "अरे, तू चिवडा खाल्लास, खून नाही केलास!"

त्यानंतर मी दर रविवारी गेलो. चिवडा न खाता गेलो, तोंडाला मफलर गुंडाळून गेलो, बुटांवर जुने मोजे चढवून गेलो. तरी दृश्य तेच. अण्णा छत्री रोखून "ते बघ, ससेबुवा!" म्हणत आणि बुवा पाठ फिरवून निघालेले असत. कोल्हेसाहेबांची शेपटी मी तीनचारदा पाहिली, साहेब एकदाही पाहिले नाहीत. जर्मनीतले वन्यप्राणी मी मागून ओळखायला शिकलो. अण्णा मात्र खूश असत. "आल्झो, म्हणजे असं बघ," ते म्हणत, "विठोबाचे पाय बघतात, यांची पाठ बघायची. दर्शन ते दर्शन." दोष अर्थात माझा आहे, असं मी मनात धरून चाललो होतो.

फेब्रुवारीत तार आली. वडील गेले होते.

बोटीनं पोचायला आठवडे लागले असते आणि विमानाचा विचारही करण्यासारखी परिस्थिती नव्हती. अग्नी माझ्या चुलतभावानं दिला. दिवसही तोच करणार होता. मी माळ्यावरच्या खोलीत खिडकीकडे बघत बसलो. अण्णा दोन्ही वेळा वर येऊन बसत, आणि त्या आवाजाच्या माणसानं ते दिवस जवळजवळ न बोलता काढले. नवव्या दिवशी मी त्यांना म्हणालो, "अण्णा, उद्या दहावा. तिकडे पिंडाला कावळा शिवेलही. पण तो भावासाठी शिवेल. मला कसं कळणार बाबांनी मला माफ केलं की नाही?"

अण्णांनी चष्मा पुसला. "म्हणजे तुला इथला कावळा हवा," ते म्हणाले. "ठीक आहे. सकाळी लवकर ऊठ."

सकाळी आम्ही फ्राऊ ह्युब्नरच्या स्वयंपाकघरात भात शिजवला. काळे तीळ त्या गावात मिळत नव्हते. अण्णांनी बेकरीवाल्याकडून केकवर घालायची काळी खसखस आणली होती. "दिसायला तीच," ते म्हणाले. "आणि तुझे वडील काय भिंग घेऊन बसलेत?" दर्भाऐवजी गव्हाणीतलं गवत घ्यायचं ठरलं. फ्राऊ ह्युब्नर दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांच्या घरात सकाळी सकाळी भात हा प्रकार नव्हता. अण्णांनी त्यांना जर्मनमध्ये सगळं समजावलं: हा गोळा वडिलांचा, तो कावळ्यानं खाल्ला की वडील समाधानानं गेले असं मानायचं.

बाईंचे यजमान रशियाच्या आघाडीवर गेले ते परतले नव्हते. थडगंही नव्हतं कुठे. त्यांनी पातेल्यात डोकावून पाहिलं. "भात उरलाय," त्या म्हणाल्या. "आणखी एक होईल?"

अण्णांनी मुकाट्यानं दुसरा पिंड वळला. बाईंनी त्याच्यावर लोण्याचा लहानसा गोळा ठेवला. "त्याला कोरडं आवडायचं नाही," त्या म्हणाल्या.

मोकळ्या जागेत एका तोडलेल्या झाडाच्या बुंध्यावरचा बर्फ झटकून आम्ही दोन्ही पिंड ठेवले, पाणी सोडलं आणि पंधरावीस पावलं मागे येऊन उभे राहिलो. कावळे होते. समोरच्या उंच झाडावर ओळीनं बसलेले, आपल्याकडच्यापेक्षा थोराड आणि काळेकुट्ट. पण एकही खाली उतरेना.

मी हात जोडले. "बाबा, डॉक्टरेट पुरी करून परत येईन." कावळे हलले नाहीत. "आत्याची काळजी घेईन." नाही. "घराचं छप्पर शाकारून घेईन. तुम्ही सांगाल त्या मुलीशी लग्न करीन."

"ते आता कसे सांगणार?" अण्णा म्हणाले. "आणि किती आश्वासनं देतोस? निवडणुकीला उभा आहेस का?" मग त्यांना राहवेना. त्यांनी कावळ्यांकडे तोंड करून खणखणीत जर्मनमध्ये भाषण केलं की हा मुलगा सज्जन आहे, भाडं वेळेवर देतो, आणि दारू पीत नाही. "मराठीत कळणार नाही त्यांना," ते मला म्हणाले. कावळ्यांना जर्मनही कळलं नाही.

पाय बधिर झाले. माझ्या डोळ्यांतलं पाणी गालावर गारठत होतं. "नाही शिवणार तो," मी म्हणालो. "बाबांनी मला माफ केलेलं नाही. मी गेलो तेव्हा ते धक्क्यावर शेवटपर्यंत उभे होते, आणि मी मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. रडू येईल म्हणून."

"अरे, तो बघ, एक उतरतोय!" अण्णांनी छत्री उचलून दाखवली.

उतरणारा कावळा हवेतच गर्रकन वळला. ओरडाआरडा करत सगळी ओळ उडाली आणि लांबच्या झाडावर जाऊन बसली.

अण्णा तसेच उभे राहिले, छत्री खांद्याला लावून. मग त्यांनी छत्रीकडे पाहिलं. टोकापासून मुठीपर्यंत. खालच्या शेतांवर कावळ्यांना उडवायला शेतकरी बंदुकीचे बार काढत, ते आम्ही दर रविवारी ऐकत असू.

"वसंता," ते अगदी हळू म्हणाले. मी त्यांना हळू बोलताना पहिल्यांदाच ऐकलं. "गेनाऊ. अगदी बरोबर. ही त्यांना बंदूक वाटते रे. पाच हिवाळे मी या जंगलात बंदूक घेऊन दर्शनाला येतोय."

ते छत्री घेऊन लांब गेले, वाटेवरच्या एका सूचिपर्णी झाडाच्या फांदीला ती अडकवली आणि देवळाबाहेर चपला काढून यावं तसे परत आले. आम्ही झाडांमागे सरकलो.

कावळा आला. आधी एक, बुंध्यावर न बसता बर्फात. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, टुणकन उडी मारून वर चढला आणि लोणी लावलेल्या पिंडात चोच घातली. मी पुढे सरकलो. अण्णांनी माझं मनगट पकडलं. "थांब. बायकांचा मान आधी." मग कावळ्यानं चोच बुंध्याला पुसली आणि बाबांच्या पिंडाचा चांगला मोठा घास घेऊन उडाला.

मी हुंदके देत होतो आणि अण्णा माझ्या पाठीवर थापट्या मारत होते. जोरात, त्यांना हळू थापटता येत नसे. "ऐक," ते म्हणाले. "प्रत्येक वेळी चूक तुझीच असते असं नाही. कधी कधी छत्रीची असते."

आम्ही उभे होतो तिथेच थोड्या वेळानं गव्हाणीपाशी एक हरीण आलं. तोंड आमच्याकडे करून गवत खाऊ लागलं. नाक काळं, ओलं, आणि पापण्यांवर बर्फाचे कण. अण्णांनी टोपी काढली. "या, ताई," ते म्हणाले. "इतकी वर्षं ओळख, आणि चेहरा आज पाहतोय."

घरी फ्राऊ ह्युब्नर दारातच होत्या. "आला?"

"आला," अण्णा म्हणाले. "आधी तुमचा खाल्ला."

त्या आत गेल्या आणि बराच वेळ भांडी पुसल्याचा आवाज येत राहिला.

त्या दिवसापासून छत्री जंगलाच्या तोंडाशी फांदीला लटकत राहायची आणि आम्ही आत जायचो. कोल्हेसाहेब समोरून भेटले. वराहराव तर सहकुटुंब भेटले, आणि तेव्हा पळण्याची पाळी आमच्यावर आली, अण्णा पळता पळता "नमस्कार! नमस्कार!" म्हणत होते.

पुढे मला म्युनिकला नोकरी लागली, लग्न झालं. वडिलांना दिलेलं परत जायचं आश्वासन तेवढं राहून गेलं. येतो, येतो म्हणत एर्लांगेनच्या फेऱ्याही लांबत गेल्या. सदुसष्ट सालच्या जानेवारीत फ्राऊ ह्युब्नरचा फोन आला. अण्णा सकाळी बूट घालता घालता गेले होते. बाहेर ताजा बर्फ पडलेला होता.

दिवस पुण्यात त्यांचे पुतणे करणार होते. तरी दहाव्या दिवशी मी सकाळच्या गाडीनं एर्लांगेनला गेलो. फ्राऊ ह्युब्नर आता चांगल्याच म्हाताऱ्या झाल्या होत्या. मी काही बोलायच्या आत त्यांनी भाताचं पातेलं आणि काळ्या खसखशीची वाटी टेबलावर ठेवली. आम्ही दोन पिंड वळले. निघताना त्यांनी अण्णांची छत्री माझ्या हातात दिली. "त्यांनाही यायचं असेल," त्या म्हणाल्या, आणि माझा दंड धरून टेकडी चढल्या.

बुंधा तोच होता, शेवाळलेला. आम्ही मागे येऊन उभे राहिलो. झाडावर कावळे होते. उतरेनात.

मला लगेच कळलं का ते. नाताळात मी येणार होतो. मुलाला सर्दी झाली म्हणून आलो नाही. त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात येणार होतो. अण्णांनी फोनवर दोनदा विचारलं होतं, "दर्शनाला कधी येतोस?" मी हात जोडले. "अण्णा, चुकलो. तुम्ही बोलावत होतात आणि मी... दर हिवाळ्यात येईन. मुलाला घेऊन येईन. त्याला मराठी शिकवीन..."

फ्राऊ ह्युब्नरनी माझ्या बाहीला हलकेच ओढलं. त्यांची नजर कावळ्यांवर नव्हती. माझ्या काखेकडे होती.

"हेर लेले," त्या कुजबुजल्या, "छत्री."