सुरईची गवसणी

मुंबईच्या विमानतळावर सामान तपासणाऱ्या अधिकाऱ्याने माझ्या पिशवीतली मऊ सुती साडी उलगडली आणि आतली वस्तू वर धरली. चांदीची गळपट्टी, तिला चोच, चोचीवर बिजागरीचं झाकण, मागे वेलीसारखी वळलेली मूठ आणि मुठीच्या खालच्या टोकाला एक रुंद कडं. मधे काहीच नाही.

"मॅडम, हे काय आहे?"

"सुरई."

"यात सुरई कुठे आहे?"

"तीच करून आणायला चाललेय," मी म्हटलं आणि कागद पुढे केले. त्याने ते वाचले, वस्तू पुन्हा साडीत गुंडाळली आणि मला जाऊ दिलं.

ही सुरई आमच्या नाशिकच्या घरातली. देवळालीच्या छावणीतले इंग्रज साहेब परत निघाले, तेव्हा त्यांच्या सामानाचा लिलाव झाला. त्यात माझ्या आजेसासऱ्यांनी ती घेतली. पोट काचेचं, बाकी सगळं चांदीचं, त्यावर द्राक्षांचे घड कोरलेले. नाशिककराने घेण्यासारखीच वस्तू. तेव्हापासून आमच्याकडे चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पन्हं त्याच सुरईतून वाढलं जातं. वाढण्याचा मान सासूबाईंचा.

गेल्या चैत्रात भर हळदीकुंकवात सुरई त्यांच्या हातातून निसटली. काच फुटली. बायका "असू द्या हो, असू द्या" म्हणत राहिल्या. त्या दिवसापासून सासूबाईंनी वाढणं सोडलं. पन्हं सोडाच, स्वतःचा चहासुद्धा त्या गाळेनात. "माझ्या हातात काही देऊ नका," एवढंच म्हणायच्या. दिवसचे दिवस हात मांडीवर घेऊन बसून असायच्या. यंदा चैत्रगौर बसवायची, पण हळदीकुंकू करायचं नाही, असं त्यांनी जाहीर करून टाकलं.

मला ते मान्य नव्हतं. सराफ म्हणाला, चांदी वितळवून वाट्या करू. तेही मान्य नव्हतं. थंडीत मुलीकडे जर्मनीला जायचं ठरलेलंच होतं. तिथे काचकाम चांगलं होतं असं ऐकून होते. कामांच्या यादीत सगळ्यांत वर लिहिलं: सुरई, गुढीपाडव्याच्या आत.

मुक्ता, माझी मुलगी, फ्रँकफुर्टजवळ बाड हॉम्बुर्गला राहते. तिथल्या एका मोठ्या कंपनीत नोकरीला आहे. फेब्रुवारीतलं आभाळ धुतलेल्या पाटीसारखं करडं होतं. झाडांवर पान नाही, पण रस्त्याकडेची कुंपणं मात्र कातरीने कापल्यासारखी सरळ. ते बघून मला बरं वाटलं.

मुक्ताला माझा बेत ऐकवला तर ती म्हणाली, "आई, लोक इथे फिरायला येतात. तू दुरुस्ती काढून आलीस!"

"फिरणंही होईल. आधी काम."

"आजीला नवीन सुरई घे ना. इथे सुंदर मिळतात."

"नवीन मिळते हे तिलाही माहीत आहे."

मुक्ताने खांदे उडवले. "आल्झो (बरं तर), शनिवारी बाजारात जाऊ."

फ्रँकफुर्टला माइन नदीच्या काठाला जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. वारा नदीवरून थेट कानात शिरत होता. जुनी खेळणी, पितळी दिवे, कोणाच्या तरी लग्नातले काटे-चमचे, सगळं टेबलांवर मांडलेलं. कागदी द्रोणात गरम बटाट्याचे तळलेले थापे आणि त्यावर सफरचंदाचा गोड लगदा मिळाला. थालीपिठावर मुरांबा घातल्यासारखं वाटलं, पण थंडीत दोघींनी चाटूनपुसून खाल्लं.

बाजाराच्या टोकाला एका इंग्रज गृहस्थांचं टेबल होतं. त्यावर फक्त चांदी. गोल कठड्याच्या बैठका, खाली लाकूड आणि त्याखाली मखमल, म्हणजे दारूची बाटली जेवणाच्या टेबलावरून न घासता सरकवता यावी. एक नरसाळं, ज्याचं टोक मुद्दाम एका बाजूला वाकवलेलं, म्हणजे धार भांड्याच्या कडेने उतरावी आणि फेस येऊ नये. आणि बाटल्यांच्या गळ्यात घालायच्या चांदीच्या पाट्या, बारीक साखळीच्या. कोणत्या बाटलीत काय आहे ते त्यावर कोरलेलं. इतकी शिस्त पाहून मला त्या लोकांबद्दल आदर वाटला.

मी साडी उलगडली. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"क्लॅरेटची सुरई," ते म्हणाले. "तांबडी वाइन वाढायची. सुंदर काम आहे." मग गळपट्टीच्या आतल्या बाजूचे चांदीच्या शुद्धतेचे ठसे भिंगाखाली धरले. "इथे इंग्लंडचा सिंह असायला हवा."

"आहे की."

"होता. आता मांजर झालंय. कशाने घासता तुम्ही?"

"चिंच आणि मीठ. दर सणाला."

ते इतके हसले की शेजारच्या टेबलावरची बाई वळून पाहू लागली. मुक्ता मराठीत पुटपुटली, "आई, आजीने दारूच्या भांड्यातून सगळ्या सवाष्णींना पन्हं पाजलं!"

"भांडं धुतलेलं होतं," मी म्हटलं.

त्या गृहस्थांनी लिंबुर्गच्या बाजूच्या एका गावातल्या काचकाम करणाऱ्या बाईंचा पत्ता लिहून दिला: फ्राउ (श्रीमती) लिंडनर. मुक्ताने फोन करून टर्मिन (भेटीची आगाऊ ठरलेली वेळ) घेतली आणि त्या दिवसापुरती रजा टाकली.

टर्मिन चुकवायची नाही म्हणून आम्ही भल्या सकाळी निघालो, तरी अर्ध्या वाटेत गाडी थांबली आणि सगळ्यांना उतरवलं. शीनेनएरझात्सफेरकेर, असा शब्द फलाटावर झळकला. (रुळांचं काम चालू असल्याने रेल्वेऐवजी बस.) मुक्ता वैतागली. मला काही वाटलं नाही, कारण शिदोरी बरोबर होती. बसमध्ये गुळपोळी खात टेकड्या बघितल्या. उतारांवर विरघळत चाललेला बर्फ, मधेच काळ्या छपरांचं गाव, एक टोकदार चर्च, पुन्हा टेकडी.

फ्राउ लिंडनर माझ्याच वयाच्या, उंच, केस आखूड, हातावर भाजल्याचे जुने डाग. कारखान्यात शिरताच भट्टीच्या उबेने माझा स्वेटर उतरला. त्यांनी गळपट्टी आतून पाहिली, बोट फिरवलं आणि मुक्ताला काहीतरी विचारलं.

"आई, त्या विचारतायत, आतलं प्लास्टर कुठे गेलं? काच त्यातच बसवलेली असते."

"पिवळं पडलं होतं. केसांच्या आकड्याने कोरून काढलं. लख्ख केलं."

"आणि काचेचे तुकडे?"

"फुटकी काच कोणी घरात ठेवतं का? लगेच टाकली. दोनदा फरशी पुसली."

मुक्ताने भाषांतर केलं. फ्राउ लिंडनर माझ्याकडे बघतच राहिल्या. मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, "तुम्ही फार स्वच्छ आहात."

अडचण सरळ होती. गळ्याचं माप पट्टीवरून मिळत होतं, मधलं एक माप मुठीच्या कड्यावरून. पण त्याखाली पोट किती सुटलेलं, बूड केवढं, उंची किती, हे सांगायला काही उरलं नव्हतं. फोटो होते, पण प्रत्येक फोटोत सुरई कोणाच्या तरी पदराआड किंवा गौरीच्या मखरामागे. फ्राउ लिंडनर म्हणाल्या, "मी माझ्या अंदाजाने पोट करते. शोभून दिसेल."

"शोभेची नकोय. ज्या हातांनी ती इतकी वर्षं उचलली, त्यांना ती ओळखीची लागायला हवी. नाहीतर ते उचलणार नाहीत."

मुक्ताने हे जर्मनमध्ये सांगितलं. फ्राउ लिंडनरनी मान डोलावली. "मग माप आणा."

घरी आलो तेव्हा माझे पाय गारठले होते. मुक्ताने गरम पाण्याची रबरी पिशवी काढली. तिला लोकरीचं विणलेलं आवरण होतं. पिशवी भरायला तिने आवरण काढून पलंगावर टाकलं, आणि ते रिकामं आवरण पोट फुगवून, मान आखडून तसंच पडून राहिलं.

"गवसणी!" मी ओरडले.

सासूबाईंनी तरुणपणी जुन्या इरकलीच्या दोन पदरांत कापूस घालून सुरईला अंगाबरोबर गवसणी शिवली होती. मुठीसाठी चीर, चिरेला बटणं. वर्षभर सुरई तिच्यात असायची. आतली काच गेली म्हणून मी ती मागे ठेवून आले होते.

ताबडतोब नाशिकला व्हिडिओ कॉल लावला. आमच्या ह्यांनी उचलला. "अहो, सुरईची गवसणी काढा आणि तिच्यात तांदूळ भरा."

"तांदूळ? कशाला?"

"भरा तर आधी. आकार दिसेल."

त्यांनी पिंपातून तांदूळ घेतले आणि ओतायला लागले. अर्धे जमिनीवर. गवसणी एका अंगाला कलली. मागून सासूबाईंचा आवाज आला, "अरे, पोतं आहे का ते? असं भरतात?"

"मग कसं भरू, आई?"

"थोडे घाल, आपट, मग थोडे घाल. बूड आधी बसव. सरक तिकडे!"

पडद्यावर दोन सुरकुतलेले हात आले. मूठमूठ तांदूळ आत गेले. बोटं कापत होती, पण बुडाला कुठे दाबायचं, पोट कुठे सोडायचं, हे त्यांना विचारावं लागत नव्हतं. हळूहळू आमची सुरई कापडात उभी राहिली. मुक्ता माझा दंड घट्ट धरून बघत होती.

"झालं?" सासूबाईंनी विचारलं आणि हात पुन्हा पदराखाली घेतले.

आता ती गवसणी इथे आणायची होती. मुक्ताने मराठी मंडळाच्या गटावर लिहिलं, "नाशिकहून कोणी येतंय का?" स्टुटगार्टजवळ गेर्लिंगेनला नोकरी करणारा चिन्मय सुट्टी संपवून परतत होता. सासूबाईंनी त्याच्याकडे गवसणीबरोबर मेतकूटही दिलं. स्टुटगार्टच्या स्टेशनवर, खोदकामाच्या फळ्यांमधून वाट काढत, मी ते ताब्यात घेतलं.

"काकू, मेतकूट कळलं, पण हे काय आहे? किटलीचा स्वेटर?"

"तसंच काहीसं," मी म्हटलं आणि तिळाच्या वड्यांचा डबा त्याच्या हातात ठेवला.

फ्राउ लिंडनरकडे दुसऱ्या वेळी मी तांदूळ घेऊनच गेले. सासूबाईंनी दाखवलं तसंच भरलं: बूड आधी, मग आपटून पोट. त्या परकारासारख्या अवजाराने मापं घेत गेल्या, कापडाची जाडी वजा केली, कडं लावून पाहिलं. "गेनाऊ (अगदी बरोबर)," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

मग खुर्ची ओढून समोर बसल्या. वापरणाऱ्या बाईंचा हात कापतो हे मुक्ताने त्यांना सांगितलं होतं. गळा आणि कडं तसंच ठेवून त्याखालचं पोट लहान, कमी मावणारं करता येईल, वजन हलकं राहील, असं त्यांनी सुचवलं. सूचना शहाणपणाची होती. मला वापरायची असती तर लगेच हो म्हटलं असतं. पण मी वापरणार नव्हते. तिथूनच फोन लावला.

"अहो आई, नवीन सुरई थोडी लहान करू का? उचलायला सोपी."

"लहान नको," सासूबाई म्हणाल्या. "मी अर्धी भरीन."

मी फोन ठेवला. गेल्या चैत्रानंतर त्या पहिल्यांदा "मी भरीन" म्हणाल्या होत्या. फ्राउ लिंडनरना म्हटलं, "पूर्ण माप."

परतीच्या विमानात नव्या काचेची सुरई गवसणीत, गवसणी माझ्या मांडीवर. हवाईसुंदरीने वरच्या कप्प्यात ठेवायला सांगितलं, तेव्हा मी ऐकलं नाही. शेवटी तिने उतरताना पुढच्या सीटखाली ठेवण्यावर तडजोड केली. तेवढा वेळ मी सुरईला दोन्ही पायांनी धरून ठेवलं.

घरी आल्यावर सासूबाईंना मी सगळं सांगितलं. ते वाइनचं भांडं आहे, हेही. त्यांनी सुरई प्रकाशात धरून पाहिली आणि म्हणाल्या, "ज्यांनी प्यायली ते गेले. धार चांगली पडते ना, बघू."

चैत्रगौरीचं हळदीकुंकू झालं. आंबेडाळ मी केली, ओट्या मी भरल्या, पन्ह्याला हात लावला नाही. सासूबाईंनी सुरई अर्धी भरली, एका हाताने मूठ आणि दुसऱ्या तळव्यावर बूड, अशी उचलली. पूर्वी त्या एका हाताने वाढायच्या. पहिल्या दोन पेल्यांत धार नीट पडली. तिसऱ्याला हात हलला आणि पन्हं शेजारच्या काकूंच्या साडीवर सांडलं.

मी फडकं घेऊन उठणार, तोच सासूबाई म्हणाल्या, "पुसा ग तेवढं. आणि पेला पुढे करा, अजून भरायचाय."

काकूंनी पेला पुढे केला. मी खाली बसले. जर्मनीत काय पाहिलंत, असं मला बायका अजून विचारतात. किल्ले राहिले, ऱ्हाइन राहिली, फोटोही फारसे नाहीत. पण ती अर्धी भरलेली सुरई सगळ्या पंगतीत फिरली, रिकामी झाली आणि सासूबाईंनी पुन्हा भरून घेतली. माझी यात्रा तिथे पुरी झाली.