‘कृपया वैध ईमेल टाका’

गारगोटीच्या स्टँडसमोर नजीरा मुल्लाणीचं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. दहा वर्षांत तिनं दाखल्यांचे, प्रवेशाचे, पेन्शनचे किती फॉर्म भरले, तिलाच ठाऊक नाही. हात चालतो तसं तोंडही चालतं. ‘सर्व्हर डाऊन हाय, उद्या या’ म्हणून माणूस परत पाठवणं मात्र तिला जमत नाही.

त्या सोमवारी सकाळीच बाळाबाई आल्या. शेजारच्या गावातल्या महिला दूध संस्थेच्या त्या अध्यक्ष. कोल्हापुरात पनीर बनवण्याचं प्रशिक्षण होतं आणि नोंदणीची मुदत मंगळवारी संध्याकाळी संपत होती.

मोबाईल नंबर टाकला, ओटीपी आला, नाव-गाव भरून झालं. ईमेलपाशी गाडी अडली. लाल अक्षरं आली : ‘कृपया वैध ईमेल टाका.’

पत्ता संस्थेचाच होता, शेवटी ‘डॉट कोऑप’ असलेला. सहकारी संस्थांना मिळतो तसला. नजीरानं तो पुसून पुन्हा टाकला. मागं मोकळी जागा राहिली का पाहिलं. सगळी अक्षरं लहान केली. दुसऱ्या ब्राउझरमध्ये फॉर्म उघडला, मग मोबाईलवर. तीच लाल अक्षरं.

“मावशी, ह्यो पत्ता चालू हाय न्हवं?”

“न चालायला काय झालं? कालच पत्र आलंय त्याच्यावर.”

नजीरानं स्वतःच्या ईमेलवरून त्या पत्त्यावर ‘नमस्कार’ पाठवला. बाळाबाईंच्या फोनवर तो लगेच येऊन पडला.

आता तिचं डोकं फिरलं. तिनं हेल्पलाइन लावली. तिकडचा मुलगा शांतपणे म्हणाला, “मॅडम, तुमचा ईमेल चुकीचा आहे. दुसरा टाका.”

“अवो, आत्ता मेल पोचलाय त्याच्यावर!”

“सिस्टीम चुकीचा दाखवते, म्हणजे चुकीचाच असणार.”

फोन ठेवून तिनं रागारागात मनाला येईल तो पत्ता ठोकला, शेवटी ‘डॉट कॉम’ लावून. जगात कुठं नसलेला तो पत्ता फॉर्मनं गुपचूप घेतला. मग तिनं संस्थेच्याच पत्त्याचं शेवटचं एक अक्षर खोडलं. तोही घेतला! शेवटच्या टिंबापुढं तीन इंग्रजी अक्षरं चालत होती, ‘कोऑप’ची चार नाहीत.

“दुसरा ईमेल काढून देऊ का?” तिनं नाइलाजानं विचारलं.

“संस्थेच्या कागदावर ह्योच हाय. उद्या कागद जुळना म्हणून परत पाठवतील,” बाळाबाई म्हणाल्या. “बरोबर असून आमीच का बदलायचं?”

मंगळवारी तिनं दुकानाला कुलूप लावलं. “चला, मी येतो संगं,” म्हणत ती बाळाबाईंबरोबर कोल्हापूरच्या एसटीत बसली.

प्रशिक्षण केंद्रातल्या अमरसिंह पाटलांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. “टाईप करताना चुकत असेल.”

“मग तुमीच टाका की!” नजीरानं कागद त्यांच्यापुढं सरकवला.

त्यांनी टाकला. लाल अक्षरं. पुन्हा एकेक अक्षर बोट ठेवून टाकला. पुन्हा लाल. तिसऱ्यांदा टाकताना त्यांच्या कपाळावर आठी पडली.

“घेत न्हाय की हे!”

“कालपासनं तेच सांगतोय,” नजीरा म्हणाली.

पाटलांनी फॉर्म बनवणाऱ्या पुण्याच्या माणसाला फोन लावला. बराच वेळ ‘हं, हं’ झालं. टिंबापुढं जास्तीत जास्त तीन अक्षरांची अट घातली होती, कुणी तपासलीच नव्हती. दुपारी तीनला ती अट काढली आणि बाळाबाईंची नोंदणी झाली. त्यांनी पाटलांना हात जोडले, तशी नजीरा आणखीच तापली.

“त्यांचे कशाला आभार? सायेब, ईमेलपाशी अडकलेले आणि किती हाईत, बघा जरा.”

त्यांनी यादी काढली. ओटीपी टाकून पुढं न गेलेल्या अकरा संस्था निघाल्या. सगळ्यांनी टाकून पाहिलेला पत्ता ‘डॉट कोऑप’चाच.

“मुदत दोन दिवस वाढवा आणि लावा फोन. आमी बसतो हितंच.”

पाटलांनी वर विचारून मुदत वाढवून घेतली आणि पहिला नंबर फिरवला. पलीकडची बाई त्यांना बोलूच देईना. “चूक आमचीच झाली असंल सायेब, आमाला त्यातलं काय कळत न्हाय…”

नजीरानं टेबलावरून हात पुढं करून फोन घेतला.

“ताई, तुमचं काय चुकलं न्हाय. ईमेल बरोबर हाय तुमचा. परत भरा.”