किल्ल्यामागचा धूर

त्या उन्हाळ्यात सासू-सासरे पुण्याहून आमच्याकडे जर्मनीत, बोब्लिंगेनला आले होते. सासऱ्यांना एकच हौस होती, भूमध्य समुद्राकाठचं एखादं जुनं, तटबंदीचं गाव बघायचं. नवरा दोघांना घेऊन गेला. मला ऑफिसातून रजा, म्हणजे इथला उर्लाउब, मिळाली नाही, म्हणून मी आणि मुलगी घरीच राहिलो.

पहिले दोन दिवस नुसते फोटो येत होते. दगडी गल्ल्या, बंदर, टोपी घालून आइस्क्रीम खाणाऱ्या सासूबाई. तिसऱ्या दिवशी दुपारी व्हिडिओ कॉल आला. किल्ल्याच्या मागे आकाश तपकिरी दिसत होतं.

"पाऊस येतोय का रे?" मी विचारलं.

मुलगी माझ्या खांद्यावरून बघत होती. "नाइन, मामा. डास इस्ट राऊख." नाही आई, धूर आहे, असं जर्मनमध्ये म्हणाली.

नवरा हसला. "डोंगरापलीकडे वणवा लागलाय. हॉटेलच्या मालकीणबाई म्हणतात, दरवर्षीचंच आहे. बघ, लोक पोहतायत." त्याने फोन फिरवला. खरंच पोहत होते.

मग सासरे पुढे आले. त्यांची सगळी नोकरी वनखात्यात गेलेली. "सकाळी वारा समुद्राकडून होता. आता डोंगराकडून येतोय," ते म्हणाले. टेबलावरून बोट फिरवून त्यांनी कॅमेऱ्यासमोर धरलं. काळं झालं होतं.

"बाबा, निघा तुम्ही. आत्ताच."

"ह्याला सांग. माझं ऐकत नाहीये."

मी नवऱ्यावर इतकी ओरडले की मुलगी रडायला लागली. सामान राहू दे, पासपोर्ट घे आणि चालायला लाग, एवढंच सांगत राहिले. मधेच कॉल तुटला.

पुढचे तीन तास फोन लागला नाही. बातम्यांत तेच बंदर दाखवत होते, पण किल्ला दिसत नव्हता. मुलीला मी "हो, हो, येतील" म्हणत होते. शेवटी मेसेज आला: "बोटीत आहोत. तिघेही."

गावात येणारा रस्ता तोवर बंद झाला होता. संध्याकाळी हॉटेल जळालं.

निघताना सासूबाईंनी मालकीणबाईंचा हात धरून "चला" म्हटलं होतं. त्या हसल्या आणि बाहेरच्या खुर्च्या आत घ्यायला गेल्या. नवरा अजूनही अधूनमधून त्यांचा नंबर लावतो. कुणी उचलत नाही.