काळकाईला न विचारलेला प्रश्न

हौसा शिगवणची जीभ तिखट आहे, असं सावर्ड्याच्या बाजारापासून तिच्या वाडीपर्यंत सगळे सांगतात. खरंच आहे ते. नवरा मुंबईला, भात-नाचणी एकटीनं उभी करायची, म्हटल्यावर गोड बोलत बसून कोणाचं भागलंय? पण काळकाई देवीच्या डोंगरावर चढताना हीच बाई पायांतल्या वहाणा काढते आणि तोंडातून अवाक्षर काढत नाही. त्या डोंगरावरची वाळकी काटकीसुद्धा कोणी घरी आणत नाही. म्हणूनच तिथले बेहडे अजून उभे आहेत, त्यांच्या ढोल्यांत धनेश पिल्लं वाढवतात, आणि सात वर्षांनी कारवी फुलली की सगळा उतार जांभळा होतो.

शाळेतल्या नीरजाबाई सांगतात, हा डोंगर धरणीच्या पोटातून उसळलेल्या तापल्या रसाचा आहे. थरावर थर निवत गेले आणि त्याचा हा काळा कातळ झाला. हौसाला ते लगेच पटलं. "आय आमची तापट हायच. ता काय नवीन सांगता बाई?"

अशा डोंगराला यंदा सुरुंग लागला, आणि तोही देवीच्याच नावानं.

झालं असं. शिमग्यात मानकरी धोंडू गावकरांनी केरू गुरवाला कौल लावायला सांगितला. देवीच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गावकरांनी गाऱ्हाणं घातलं, "आये, तुला नवा देऊळ हवा काय?" उजवी पडली. सगळ्यांनी हात जोडले. मग देवळाला दगड हवा, म्हणून मे महिन्यात खडीचा ठेकेदार यंत्रं घेऊन डोंगरावर चढला. जोत्याला चार गाड्या दगड गेला असेल नसेल; बाकीचे डंपर भरभरून महामार्गाकडे चालले. कोणी हटकलं तर उत्तर तयार, देवीचा उजवा कौल आहे. माणसाला थोडी तरी लाज असावी की नाही?

हौसा तडक देवळात गेली. नव्या देवळाच्या बैठकीला गाव जमलंच होतं.

"गावकार, देऊळ इचारलात, डोंगर इचारलात काय? आयचा हात तोडून तिलाच बांगड्या भरताय. परत लावा कौल. म्हना, तुजा डोंगर फोडू काय."

केरू गुरवानं पाकळ्या भिजवल्या, पाषाणाला लावल्या आणि गावकरांकडे पाहिलं. गाऱ्हाणं त्यांनीच घालायचं, ही रीत. धोंडू गावकरांनी हात जोडले, आणि पाकळ्यांकडे बघून परत खाली सोडले. कुठली पाकळी पडेल हे त्यांना ठाऊक होतं, आणि मंडपातल्या प्रत्येकालाही.

"देवीला किती वेळा तरास द्यायचा," असं पुटपुटत ते उठले. त्यांच्यामागून एकेक करत सगळेच उठले. वर डोंगरावर यंत्र चालूच होतं.

बाईमाणसानं गाऱ्हाणं घालायचं नसतं. हौसानं पदर खोचला आणि हात जोडले.

"आये, तुला इचारायची यांची छाती न्हाय. आता तूच यांना इचार."