तेल लावलेली तार

शेंगातेलाचा नवा डबा फोडला की त्या वासाबरोबर मला कुंभारीतलं आत्याचं परसदार आठवतं. शेवग्यापासून भिंतीतल्या खिळ्यापर्यंत तिनं तार बांधली होती आणि चिमण्यांसाठी तिच्यावर मधोमध ज्वारीची कणसं टांगली होती. पण चिमण्या येण्याआधीच एक खार तारेवरून पळत जाऊन दाणे फस्त करायची. एका सकाळी चिडून आत्यानं अख्ख्या तारेला तेल चोपडलं. "आता बघतेच कशी येतीया ती!"

खार आली, दोन पावलांत घसरली आणि उलटी लटकली. मी टाळी वाजवणार, तेवढ्यात तिनं पंजा चाटला. मग तार चाटली. तशीच लटकत, चाटत, ती तार पुसल्यासारखी कोरडी करत कणसापर्यंत पोचली.

आत्या कमरेवर हात ठेवून बघतच राहिली. "लई हुशार हाय की गं ही!"

आत्या हरली म्हणून तेव्हा मला रडू आलं होतं. आपल्यावर मात करणाऱ्याचं इतकं मोकळं कौतुक करणारं माणूस मला पुढं क्वचितच भेटलं.

दुसऱ्या दिवशी तिनं चिमण्यांची कणसं ओसरीत टांगली. रिकाम्या तारेला मात्र पुन्हा तेल लावलं.