रिकाम्या टाकीतून आलेले दोन ठोके

इथे पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. चकवा, झपाटणं असलं काही मी मानत नाही... निदान मानत नव्हते. सोलापुरात इंजिनिअरिंगला आहे, घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच.

आमचा प्रोजेक्ट होता लहान पाणबुडीतला लॉकआउट चेंबर. म्हणजे बुडी मारणारा माणूस ज्या कप्प्यातून बाहेर पाण्यात पडतो तो. त्यात हवा भरत जायची; आतला दाब बाहेरच्या पाण्याएवढा झाला की तळाचं झाकण उघडलं तरी पाणी आत शिरत नाही, तोंडाशीच थांबतं! हे वाचूनच मला वेड लागलं होतं. बादलीएवढी जाड लोखंडी टाकी वेल्ड करून घेतली. तळाला आत उघडणारं झाकण, त्याला बाहेरून कडी. कडी काढायला माझा मामा. तो उजनी धरणाच्या काठी राहतो, बुडी मारून शेतीपंपांच्या पाइपात अडकलेला कचरा काढतो.

भर दुपारी आम्ही नावेतून टाकी साखळीने तीन पुरुष उंचीएवढी खोल सोडली, वजनाला वाळूची पोती बांधून. माझा पार्टनर इरफान वडिलांच्या पंक्चरच्या दुकानातला पंप मारून पाइपाने टाकीत हवा भरत होता.

"इरफान, नाव फुगवतो काय?" मामा म्हणाला.

"मामा, तुमची भाचीच फुगलीय सकाळपासून, तिला बघा की."

पंपावरच्या मीटरचा काटा खुणेवर आला. "झालं मामा, जा," मी म्हटलं.

मामाने श्वास भरला... आणि साखळीतून नावेच्या फळीत आवाज आला — ठक, ठक.

मामा थांबला. बुडी मारणाऱ्यांच्यात रीत आहे — खालच्याने लोखंडावर दोनदा ठोकलं, की वरच्याने उतरायचं नाही.

"खाली कोण हाय?"

"कुणी नाही. हवा असेल, मामा."

"हवा मोजून ठोकती व्हय? वर घे."

टाकी वर आली, तर पाइप पोत्याखाली दबून चपटा झालेला. हवा टाकीत गेलीच नव्हती. मीटर नुसता वरच्या पाइपातला दाब दाखवत होता. मामाने कडी काढली असती, तर पाण्याने झाकणासकट त्याचा हात आत ओढला असता... माझ्या एका "जा" वर. टाकी उघडली. आत इरफानचा कोरडा रुमाल, आम्हीच ठेवलेला. बाकी काही नाही.

मी म्हटलं, बंद करू. मामाच म्हणाला, "आता कशाला भ्यायचं? सांगणारा हाय की."

पाइप मोकळा करून टाकी पुन्हा सोडली. फळीला कान लावला — शांत. मामा खाली गेला. थोड्या वेळाने ठक. एकदाच. मग मामा वर आला, हसत. "आत हात घातला तर नुसती हवा, पोरी. लई भारी!"

रुमाल वर आला तो कोरडाच, एका कोपऱ्याला फक्त मामाच्या बोटांचं पाणी. मी आणि इरफान नावेत अक्षरशः नाचलो.

"आणि तो ठोका?" मी विचारलं.

"मीच की. निरोप पोचला म्हणून सांगितलं."

साखळी आपटली असेल, लोखंड आकसलं असेल... सगळं ताडून पाहिलं. कशातच ते दोन ठोके, नेमके त्या क्षणी, बसत नाहीत. मामाच्या ठोक्याला खालून काही उत्तर आलं का, हे मात्र मी त्याला अजून विचारलेलं नाही.