पंडुमाआधीचा आंबा

सोमारीचं घर गावातलं शेवटचं. कुडाच्या पलीकडं मोहाची दोन झाडं, त्यापुढं बांबूचं रान, आन त्याच्यापुढं काय ते जंगलखात्यालेच माहीत. नवरा मेला तेव्हा लोक म्हणाले, "सोमारी, मधी येऊन राह्य. एकट्या बाईनं टोकावर राहू नये." ती म्हणाली, "मी मधी आली तं शेवटचं घर दुसऱ्या कोणाचं होईन. कोणाचं तरी होईनच ना?" आन राहिली तिथंच, दोन शेळ्या, पाच-सहा कोंबड्या आन दिव्या नावाची लेक घेऊन.

दिव्याचं लगन ठरलं होतं. नवरदेव अहेरीकडचा, जंगलखात्याच्या रोपवाटिकेत रोजीनं जाणारा. आंब्याचा पंडुम, म्हणजे नव्या आंब्याचा सण, झाला की गाव मांडव घालणार होतं. गावच घालते मांडव तिकडं. बांबू गावाचे, पानं गावाची, नाचणारे पाय गावाचे. ज्याच्यामागं गाव नाही त्याच्या पोरीले लगन नाही, इतकी साधी गोष्ट.

त्याच घरात पौषात एक भाडेकरू आला. पोरगा चोवीस-पंचवीसचा, नाव झोवा, मिझोरमचा. त्याच्या चर्चनं त्याले दोन वर्षांसाठी इकडं धाडलं होतं. काळीपिवळीतून उतरला तो एक पेटी, एक गिटार आन अहेरीत घेतलेली नवीकोरी बादली घेऊन. पोलीस पाटलानं त्याचं आधार कार्ड दोन्ही बाजूनं पाहिलं, उजेडात धरून पाहिलं, आन काही सापडलं नाही म्हणून परत केलं.

पहिल्याच दिवशी मुखरू गायता त्याच्यापाशी येऊन बसला. गायता म्हणजे गावाच्या देवीचं करणारा माणूस. त्यानं विचारलं, "काऊन बाबू, तुमच्या देशात धान होते का?"

"देश एकच आहे ना भाऊ," झोवा हसून म्हणाला. "मी भारतचाच."

"असं?" मुखरूनं तंबाखू मळता मळता विचार केला. "मंग आमी कुठचे?"

अख्खं गाव हसलं. झोवाही हसला, पण मागून, समजल्यावर.

त्याचा दिवस सोमारीले पाठ झाला होता. कोंबडं आरवायच्या आधी उठून गुडघ्यावर बसायचा, भिंतीकडं तोंड करून. मंग बादली घेऊन बोरिंगवर. बाप्या माणूस पाणी भरते हे पाहून बाया तोंडाले पदर लावत. गुणाबाई तं म्हणायची, "सोमारे, तुले सून भेटली वो!" त्याले ते समजत नसे, तो "हो बाई, हो बाई" म्हणून मान हलवायचा आन बाया आणखी हसायच्या. भात शिजवायचा, त्यात हळद नाही, तेल नाही. एकदा सोमारीनं त्याले अंबाडीची भाजी दिली तं पान हातात घेऊन तो नाचायचाच राहिला. त्याच्या घरीही हेच पान खातात म्हणे. त्या दिवसापासून सोमारी त्याले बाबू म्हणायले लागली.

दुपारी तो फोनमध्ये पाहून मराठी शिकायचा, सांजच्याला पोरं जमवून गाणी. देवाबिवाचं तो आपण होऊन कोणाले सांगत नव्हता, कोणी विचारलं तं सांगे. दर आयतवारी सकाळी मात्र नाल्याच्या वाटेनं पलीकडच्या टोल्यावर, लहानशा वस्तीवर, जायचा. तिथं दोन घरं येशूची प्रार्थना करणारी होती.

चैतात एक दिवस वावटळ आली. मोठ्या आंब्याखाली कैऱ्यांचा सडा पडला. झोवानं त्या सदऱ्यात वेचल्या, मीठ-मिरची लावली, पानावर मांडल्या आन पोरांले बोलावलं.

पोरं आली, पण हात पाठीमागं बांधून उभी राहिली. एकानंही घेतली नाही. झोवाले वाटलं लाजतात. त्यानं स्वतः एक फोड खाल्ली, डोळे मिचकावले, दुसरी खाल्ली. पोरं पाहत राहिली आन मंग एकदम पळाली.

पंडुमाच्या आधी आंब्याले कोणी हात लावत नाही, पडलेला असो की लटकलेला. पहिला वाटा जंगलाचा. गायता तो देवीपुढं ठेवते, मंग गाव खाते. हे झोवाले कोणी सांगितलं नव्हतं. विस्तवात हात घालू नको, असं पाहुण्याले कोणी सांगते का? सोमारीनंही सांगितलं नव्हतं. तिच्या ध्यानातच आलं नाही की हे न माहीत असलेलंही माणूस असू शकते.

गाव बसलं. मुखरू म्हणाला, "चुकला. अजाण आहे. एक कोंबडं आन एक शिसी मोहाची देवीपुढं ठेव, हात जोड, मिटलं."

झोवा उभा होता. कान लाल झाले होते त्याचे. "भाऊ, माफी मागतो. सगळ्यांची मागतो. कोंबडं पण देतो, गावानं खावं. पण देवीपुढं मी नाही ठेवू शकत. माझं... मी तसं करत नाही."

"आमी तुले आमचा देव मान म्हणून राह्यलो का? चूक जिथं झाली तिथं फेड म्हणून राह्यलो."

"समजतो भाऊ. पण नाही."

मुखरूनं हातातली तंबाखू झटकली. "माह्या हाती असतं तं दोन कैऱ्या मीच त्याच्यासंगं खाल्ल्या असत्या," तो म्हणाला. "पण रीत माह्या बापाची नाई. आजपासून याच्याशी बोलणं बंद. जो बोलन तो त्याच्यासंगं गेला. पंडुमात नाई, मांडवात नाई, मयतीत नाई."

सोमारीनं त्याले घरातून काढावं असं कोणी म्हटलं नाही. पण सगळ्यांच्या नजरा आधी तिच्याकडं गेल्या, मंग दिव्याकडं.

त्यानंतर झोवाचा दिवस तोच राहिला, फक्त त्यातला आवाज गेला. बोरिंगवर तो आला की बाया घागरी अर्ध्या भरून निघून जात. गुणाबाईचीही थट्टा बंद. पोरं गाण्याले येत नव्हती. तो एकटाच गिटार वाजवायचा, मंग थांबायचा, कान देऊन ऐकायचा. सोमारी त्याच्या दाराशी भाजी ठेवायची आन तोंड फिरवून जायची. तो मागून म्हणे, "धन्यवाद सोमारीबाई." ती बहिरी व्हायची.

मंग चैतूचा बैल गेला. चैतू शनिवारी दुपारी धापा टाकत आला. नाल्याच्या वळणावर वाघानं बैल पाडला होता आन सोडून गेला नव्हता. अर्धा खाऊन तिथंच करवंदीच्या जाळीत बसून होता. चैतूनं दगड मारला तं हलला नाही, नुसता पाहत राहिला.

"आंबा कोणी खाल्ला, आन जंगल वाटा कोणाचा घेते पाह्य," एक म्हातारा म्हणाला. सगळी बोलणी गोंडीत चालली होती. झोवा आपल्या दारात कपडे वाळत घालत होता. लोक घाबरले एवढं त्याले दिसलं. काय झालं म्हणून दोघांले विचारलं. दोघंही त्याच्या आरपार पाहून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी आयतवार होता.

चुलीपुढं बसून दिव्या म्हणाली, "माय, तुह्या मनात काय आहे मले समजते."

"काय आहे?"

"तू बोलशीन त्याच्यासंगं."

सोमारीनं लाकूड आत सारलं. "तो उद्या नाल्यानं जाईन."

"दुसऱ्या कोणी सांगावं! मुखरूबा सांगन. चैतू सांगन. सारं गाव सोडून तूच काऊन?"

"कोणी सांगितलं का आतापरेंत?"

दिव्यानं विस्तव फुंकला. मंग हळूच म्हणाली, "माह्या लगनाचं काय माय?"

सोमारीनं भात वाढला.

सकाळी तिनं आधी न बोलता करून पाहिलं. बोराटीचे काटेरी फांजर तोडून नाल्याच्या वाटेवर आडवे टाकले, उंबरठ्याएवढे उंच. आता तं समजन. झोवा आला. अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, खांद्यावर पिशवी. त्यानं काटे पाहिले, सोमारीकडं पाहिलं. त्याले वाटलं, बाईनं कुपासाठी आणले असतील आन चुकून वाटेत पडले. त्यानं पिशवी खाली ठेवली आन एकेक फांजर उचलून तिच्या कुडाशी नीट रचून ठेवला. एक काटा बोटात गेला, तो त्यानं दातानं काढला. मंग तिले नमस्कार केला आन निघाला.

सोमारीनं बोरिंगकडं पाहिलं. तिथं चार बाया होत्या, गुणाबाईही होती. चौघीही पाहत होत्या. कोणाचीच घागर भरत नव्हती.

झोवा मोहाच्या झाडापरेंत पोचला. पलीकडं बांबू सुरू होत होता.

"बाबू!" सोमारी ओरडली. इतक्या दिवसांनी बोलली तं आवाज फाटला. "ए बाबू! नाल्यानं जाऊ नको! वाघ बसून आहे तिथी! बैल खाऊन बसला आहे, मांगं फिर!"

तो थबकला. वाघ हा शब्द त्याले येत होता. तो मागं फिरला आन परत आला, धावत नाही, एकेक पाऊल टाकत. येता येता त्याच्या तोंडावरचा रंग उतरत गेला. ओट्यावर बसला, दोन्ही हात गुडघ्यावर ठेवले.

"तुम्ही बोललात," तो म्हणाला.

"हो."

"आता तुम्हाले..."

"उठ, ते बोट धू. बोराटीचा काटा पिकते."

बोरिंगवर कोणी नव्हतं.

दिवस कलायच्या आधी मुखरू आला. कुडाच्या बाहेरच उभा राहिला. आत पाय टाकला नाही. सोमारीची शेळी कुडाशी बांधली होती, तिच्याकडं पाहून तो बोलायले लागला. माणसाशी बोलणं बंद होतं, शेळीशी नव्हतं.

"काय वो शेळे, तुह्या मालकिणीनं काय केलं हे? मले माहीत होतं ती करन. तिचा नवराही असाच होता, पुरात उडी टाकणारा."

शेळी पाला खात राहिली. सोमारी दारात उभी होती.

"मी गावासंगं बोललो शेळे. पोरीची चूक नाई. पोरगी आज माह्या घरी आली, माह्या छपराखाली झोपली, तं ती गावाची. लगन गाव करन. मांडव माह्या दारी पडन." तो थांबला, तंबाखूची चिमूट तोंडात टाकली. "माय येणार नाई लगनाले. येवढं सांग तिले."

"शेळे," सोमारी म्हणाली, "त्याले सांग, पोरीचं गाठोडं बांधून आहे."

आन खरंच बांधून होतं. दिव्यानं ते पाहिलं तेव्हा तिले समजलं, की मायनं हे सकाळीच करून ठेवलं होतं, काटे तोडायच्या आधी. ती रडली नाही. मायच्या तोंडाकडंही पाहिलं नाही. गाठोडं उचललं आन मुखरूच्या मागं चालायले लागली. मुखरूचं घर लांब नव्हतं. कुड ओलांडला की धानाची एक पडीत बांधी, आन त्याच्यापलीकडं.

झोवा सारं ऐकत होता. त्याले शब्द निम्मे समजले असतील, पण पोरगी गेली हे समजायले शब्द लागत नाहीत. "सोमारीबाई," तो म्हणाला, "मी जातो. उद्या गाडी आली की जातो. मग ते तुम्हाले..."

"तू गेला म्हणून माह्यं बोललेलं मांगं येते का?" ती म्हणाली. "तांदूळ निवड."

सूर्य बांबूत उतरला तेव्हा कुत्रे भुंकायले लागले. आधी गावाच्या खालच्या अंगाचे, मंग सारेच.

वाघ गावात शिरला की हाक घरोघर जाते. पहिल्या घरचा माणूस दुसऱ्याले नाव घेऊन ओरडते, दुसरा तिसऱ्याले. नाव घेतल्याशिवाय हाक पुरी होत नाही, आन ज्याचं नाव घेतलं त्यानं ओ दिल्याशिवाय पहिला आत जात नाही. "चैतू! आला रे!" "ओ! गुणाबाई, आला वो!" "ओ!" दारं लागत होती, डबे वाजत होते. हाक वळणं घेत वर चढत आली, एकेक घर करत. सोमारी ओट्यावर उभी राहून ऐकत होती.

"मुखरू! आला रे!"

"ओ!" मुखरूचा आवाज स्पष्ट आला.

पुढं तिचंच घर होतं. सोमारी आपल्या नावाची वाट पाहत थांबली. नाव आलं नाही. पडीत बांधीच्या पलीकडं मुखरूच्या घराचं दार उघडंच दिसत होतं, आन त्यात दिव्या उभी होती. तिचं तोंड उघडलेलं होतं. मंग मुखरूच्या बायकोनं तिले दंडाले धरून आत ओढलं आन दार लागलं. कडी घातल्याचा आवाज आला.

"बाबू," सोमारी म्हणाली, "शेळ्या आत घे. लवकर."

तिनं भिंतीची कुऱ्हाड काढली आन दारात उभी राहिली. झोवा दावी सोडत होता, गाठ त्याले सुटत नव्हती. खाली गावातले डबे वाजायचे थांबले. मंग कुत्रेही एकाएकी चूप झाले, सारे एकदम. आन मोहाच्या खालच्या वाळल्या पानांवर काहीतरी चालायले लागलं.